मारेकरी कुणाचा?

१४ जून २०२५ च्या पहाटे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात पोलिसाच्या वेशातला एक माणूस लोकप्रतिनिधींच्या घरांची दारं वाजवत फिरत होता. राज्य सिनेटर जॉन हॉफमन आणि त्यांच्या पत्नी गोळ्या लागूनही वाचले. राज्य प्रतिनिधिगृहाच्या माजी सभापती मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती मार्क मात्र वाचले नाहीत. दोघेही लोकप्रतिनिधी डेमोक्रॅट. मारेकरी अजून सापडलाही नव्हता, तोवर देशभर एकच चौकशी सुरू झाली होती: हा कुणाचा माणूस? युटा राज्याचे रिपब्लिकन सिनेटर माइक ली यांनी तर समाजमाध्यमावर निकालच दिला. मार्क्सवाद्यांच्या मनासारखं झालं नाही की असं होतं, अशा अर्थाची खोचक नोंद त्यांनी टाकली. पुढे जो आरोपी पकडला गेला, तो आफ्रिकेत इव्हँजेलिकल प्रवचनं देऊन आलेला होता. त्याच्याजवळच्या याद्यांत बहुतेक डेमोक्रॅटिक पुढाऱ्यांची आणि गर्भपाताशी संबंधित लोकांची नावं होती. ली यांनी नोंद काढून टाकली.

तीन महिन्यांनी, १० सप्टेंबरला, ली यांच्याच राज्यात ऑरेम गावच्या युटा व्हॅली युनिव्हर्सिटीच्या आवारात चार्ली कर्क यांची गोळी घालून हत्या झाली. कर्क ३१ वर्षांचे, ट्रम्प यांच्या तरुण पाठीराख्यांचे सर्वांत प्रभावी संघटक. विद्यार्थ्यांना ‘मला चुकीचा ठरवून दाखवा’ असं आव्हान देत ते मांडवाखाली बसत, आणि त्या दिवशीही एका प्रश्नाचं उत्तरच देत होते. पुन्हा तोच सवाल, आता दिशा उलटी. उजव्यांनी मारेकऱ्याचं नाव कळण्याआधीच सगळ्या डाव्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. डाव्यांतल्या काहींनी या मृत्यूचा उघड आनंद साजरा केला, आणि उरलेल्यांपैकी बरेच जण मारेकरी आपला नव्हताच हे सिद्ध करण्याच्या खटाटोपाला लागले.

अमेरिकेच्या सार्वजनिक संवादाचं काय झालं आहे, हे या एका प्रश्नात दिसतं. मारेकरी त्यांचा निघाला तर तो त्यांच्या विचारसरणीचा अर्क असतो. आपला निघाला तर तो एकटादुकटा वेडा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा, इथवर ठीक; पण इथे बाब्याच्या हातात रायफल आहे.

‘अमेरिका पूर्वी अशी नव्हती’ हे वाक्य तिथे सध्या फार ऐकू येतं. ते खरं नाही. २२ मे १८५६ रोजी सिनेटच्या सभागृहातच दक्षिण कॅरोलिनाचे काँग्रेस सदस्य प्रेस्टन ब्रुक्स यांनी गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनर यांना काठीने बेशुद्ध पडेपर्यंत मारलं. समनर यांना कामावर परत यायला तीन वर्षं लागली. ब्रुक्स यांनी राजीनामा दिला, मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं, आणि चाहत्यांनी नव्या काठ्या भेट पाठवल्या. जोअ‍ॅन फ्रीमन या इतिहासकार बाईंनी १८३० ते १८६० या काळातल्या काँग्रेस सदस्यांमधल्या सत्तराहून अधिक हिंसक प्रसंगांची नोंद शोधून काढली आहे.

आणि धर्म? तो या इतिहासात बंदुकीच्या दोन्ही टोकांना आहे. १८३७ मध्ये इलिनॉयमधल्या आल्टन गावी जमावाने ज्यांना गोळ्या घातल्या ते एलायजा लव्हजॉय गुलामगिरीविरोधी पत्राचे संपादक होते आणि प्रेस्बिटेरियन पाद्रीही. त्याच राज्यात १८४४ मध्ये मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना तुरुंगात घुसलेल्या जमावाने ठार केलं. तेव्हा ते राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. त्याच वर्षी फिलाडेल्फियात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यात दंगली पेटल्या. शाळेत कोणतं बायबल वाचायचं, हा त्या भांडणातला एक मुद्दा होता. म्हणजे धर्म असला की हिंसा थांबते, ही चर्चवाल्यांची समजूत आणि धर्म गेला की हिंसा जाईल, ही त्यांच्या टीकाकारांची समजूत, दोन्ही या देशाच्या इतिहासापुढे टिकत नाहीत. धर्माने त्या समाजाला नेमकं काय दिलं, हे पाहायचं तर हत्या झाल्यानंतरच्या दिवसांकडे पाहावं लागतं.

सुरुवात लिंकन यांच्यापासून करू. गुलामगिरीच्या प्रश्नावर मेथडिस्ट चर्च १८४४ मध्ये फुटलं, बॅप्टिस्ट १८४५ मध्ये. देश फुटायच्या पंधरा वर्षं आधी देवळं फुटली होती. दोन्हीकडे बायबल तेच होतं आणि दोन्हीकडचे पाद्री त्यातून आपापल्या बाजूची वचनं काढत होते. चार वर्षांच्या यादवीत सहा लाखांवर माणसं मेली. ४ मार्च १८६५ ला, विजय अगदी हाताशी आलेला असताना, लिंकन दुसऱ्यांदा शपथ घ्यायला उभे राहिले. समोरच्या गर्दीला विजयाचं भाषण हवं होतं. लिंकन यांनी सांगितलं ते वेगळंच: दोन्ही पक्ष एकाच देवाची प्रार्थना करतात आणि पूर्ण कौल कुणालाच मिळालेला नाही, गुलामगिरी हे सगळ्या देशाचं पाप आहे आणि हे युद्ध ही उत्तर-दक्षिण दोघांना मिळालेली शिक्षा असू शकते. जिंकणाऱ्या बाजूच्या नेत्याने जिंकण्याच्या क्षणी स्वतःच्या बाजूला पापाच्या हिशेबात धरलं. जगाच्या राजकारणात अशी भाषणं किती आहेत, वाचकांनीच शोधून पाहावं.

सहा आठवड्यांनी, गुड फ्रायडेच्या रात्री, लिंकन यांना गोळी लागली. दोन दिवसांनी ईस्टर होता. उत्तरेतल्या चर्चांमधून त्या रविवारी लिंकन यांची तुलना ख्रिस्ताशी झाली. इथवर समजण्यासारखं आहे. पण काही पाद्रींनी असंही सांगितलं की लिंकन दक्षिणेशी फार मऊ वागले असते, म्हणून देवाने त्यांना वेळेवर उचललं आणि कठोर माणसांसाठी जागा मोकळी केली. दीड महिन्यापूर्वीचं भाषण हुतात्म्याच्या तसबिरीमागे झाकलं गेलं. हुतात्मा झाला की माणूस काय म्हणत होता हे विसरण्याची सोय होते, आणि ती सोय तेव्हापासून आजपर्यंत अमेरिकेत फार जणांनी वापरली आहे.

१८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली. काळ्यांच्या दास्यमुक्तीसाठी निःस्वार्थ त्याग करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना त्यांनी ते पुस्तक अर्पण केलं. त्याच वर्षी, १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी, निवडणुकीच्या वादातून गोऱ्या सशस्त्र टोळीने कोर्टाच्या इमारतीत असलेल्या काळ्या माणसांवर हल्ला केला. मेलेल्यांचा आकडा ६० पासून १५० पर्यंत सांगितला जातो. अनेकांना शरण आल्यावर मारलं होतं. ज्या थोड्यांना शिक्षा झाल्या, त्याही सर्वोच्च न्यायालयाच्या १८७६ च्या क्रुइकशँक निकालाने गेल्या. फुल्यांनी ज्यांना नमस्कार केला ते सज्जन खरेच होते. फक्त ते आता दमले होते. कोलफॅक्समध्ये १९५० साली सरकारी फलक लागला. या ‘दंगली’मुळे दक्षिणेतल्या गैरकारभाराचा अंत झाला, असा त्याचा सूर होता. तो निघाला २०२१ मध्ये. मारेकरी आपला असला की त्याचं स्मारक होतं, आणि ते काढायला सत्तर वर्षं लागतात.

याच्या उलट घडल्याचीही उदाहरणं आहेत, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटतात. १५ सप्टेंबर १९६३, रविवार. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये क्लू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी ठेवलेला बॉम्ब फुटला आणि चार काळ्या मुली ठार झाल्या. दुसऱ्या दिवशी शहरातल्या गोऱ्या तरुण व्यावसायिकांच्या क्लबात चार्ल्स मॉर्गन नावाचा तिशीतला गोरा वकील बोलायला उभा राहिला. हे कुणी केलं, असं सगळं शहर विचारतंय, तो म्हणाला, आणि उत्तर असं की आपण सगळ्यांनी केलं. काळ्यांची टर उडवणारा प्रत्येक जण, त्यावर हसणारा प्रत्येक जण, गप्प बसलेला पाद्री, मतांसाठी द्वेष पसरवणारा पुढारी, हे सगळे त्याने गुन्हेगारांच्या यादीत घातले. बॉम्ब मॉर्गनने ठेवला नव्हता. क्लॅनशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तरी मारेकरी आपल्यातून आला हे त्याने कबूल केलं. धमक्या सुरू झाल्या, वकिली बसली, आणि त्याला बर्मिंगहॅम सोडावं लागलं.

दोन दिवसांनी तीन मुलींच्या अंत्यसंस्कारात मार्टिन लूथर किंग बोलले. तिथे सगळा जमाव दुःखाने आणि संतापाने भरलेला; गोऱ्यांना शिव्या घातल्या असत्या तर कुणी दोष दिला नसता. किंग म्हणाले की या मुली आपल्या प्रत्येकाला काही सांगताहेत: रंगीत काचांच्या आड गप्प बसलेल्या पाद्रींना, द्वेषाचा शिळा भाकरतुकडा मतदारांना वाढणाऱ्या पुढाऱ्यांना, आणि अन्याय निमूट सोसणाऱ्या काळ्या माणसालाही. त्यांनी स्वतःच्या लोकांनाही सोडलं नाही. खुनी कोण एवढंच विचारू नका, खुनी ज्या व्यवस्थेतून निपजले तिचा विचार करा, असं त्यांचं सांगणं होतं. खटल्यांची गोष्ट एका ओळीत सांगायची तर पहिली शिक्षा १९७७ मध्ये झाली, शेवटची २००२ मध्ये.

मॉर्गन आणि किंग, दोघांनी मिळून धर्माचा एक जुना उपयोग त्या आठवड्यात दाखवला. ख्रिस्ती परंपरेत पापाची कबुली ही आधी स्वतःची असते. शेजाऱ्याच्या पापांची कबुली देण्याची सोय तिथे नाही. अमेरिकन राजकारणाला धर्माने दिलेली सर्वांत मौल्यवान गोष्ट हीच होती: आपल्याच बाजूची झाडाझडती घेण्याची भाषा. आज तिथे धर्माचे शब्द भरपूर आहेत, ही भाषा मात्र जवळपास नाहीशी झाली आहे.

यावर एक आक्षेप ताबडतोब येईल, आणि तो वजनदार आहे. दोन्ही बाजूंनी आत्मपरीक्षण करावं असं म्हणणं म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच, असं म्हणणं नाही का? गुलाम ठेवणारा आणि गुलाम सोडवणारा एकाच मापाने मोजायचे? तसं मुळीच नाही. किंग यांना १९६३ च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून प्रसिद्ध पत्र लिहावं लागलं, ते संयमाचा सल्ला देणाऱ्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना उत्तर म्हणून. सभ्यपणाची हाक पुष्कळदा ज्याचा पाय मानेवर आहे त्याच्या सोयीची असते, हे त्या पत्राने कायमचं दाखवून दिलं. सुसंवाद म्हणजे गोड बोलणं, एवढाच अर्थ घेतला तर मला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. कडाक्याचं बोलावं. पण आपल्या न्याय्य कार्यासाठीही कुणी माणसं कापली तर त्याला काय म्हणायचं?

जॉन ब्राउन हा त्याचा कस पाहणारा नमुना. कट्टर कॅल्विनपंथी, गुलामगिरीला पाप मानणारा, आणि ते पाप रक्तानेच धुतलं जाईल असं ठाम समजणारा. १८५६ मध्ये कॅन्ससमधल्या पोटावाटॉमी खाडीकाठी त्याच्या टोळीने रात्री पाच माणसांना घरांतून ओढून काढून कापलं. १८५९ मध्ये त्याने हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर हल्ला केला आणि त्या डिसेंबरात तो फासावर गेला. कार्य न्याय्य होतं, याबद्दल आज कुणाला शंका नाही. एमर्सन आणि थोरो यांच्यासारख्या मोठ्या माणसांनी त्याला जवळजवळ ख्रिस्ताच्या रांगेत बसवलं. लिंकन मात्र त्याच आठवड्यात कॅन्ससमध्ये म्हणाले की गुलामगिरी वाईट आहे हे ब्राउनचं म्हणणं आपल्यालाही मान्य आहे, पण त्याने हिंसा आणि राजद्रोह माफ होत नाही. आता यादवीनेच अखेर गुलामगिरी संपवली, म्हणजे ब्राउनच खरा ठरला, असं कुणी म्हणेल. मला ते पूर्ण खोडता येत नाही. तरी लिंकन यांना १८६५ चं ते भाषण करता आलं, कारण १८५९ मध्ये ते स्वतःच्या बाजूच्या मारेकऱ्याला ‘नाही’ म्हणाले होते, असं मला वाटतं.

ही भाषा आटली कशी? एक कारण देवळांच्या ओसाडपणात आहे. गॅलपच्या पाहणीनुसार १९९९ मध्ये ७० टक्के अमेरिकन कुठल्यातरी प्रार्थनास्थळाचे सदस्य होते. २०२० मध्ये ते ४७ टक्क्यांवर आले. प्यू संस्थेच्या २०२३-२४ च्या पाहणीत २९ टक्के लोकांनी आपला कुठलाच धर्म नाही असं सांगितलं. रविवारी चर्चमध्ये जाणाऱ्याच्या बाकावर निदान शेजारी तरी वेगळ्या पक्षाचा सापडे. मुलीच्या लग्नात, म्हाताऱ्याच्या मयतात तो मदतीला येई. आता उरलेल्यांतले बरेच जण आपल्या राजकारणाला जुळेल असं चर्च निवडतात. चर्चला न जाता स्वतःला कट्टर ख्रिस्ती म्हणवणारेही आहेत. त्यांच्यासाठी क्रॉस ही पक्षाची खूण झाली. ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्प समर्थकांच्या जमावाने काँग्रेसच्या इमारतीवर, कॅपिटॉलवर, हल्ला केला, तेव्हा तिच्यासमोर वधस्तंभ आणि येशूच्या नावाचे झेंडे यांच्याच गर्दीत फाशीचा सांगाडाही उभा होता. सिनेटच्या सभागृहात घुसलेल्यांनी पीठासनापाशी उभं राहून देवाचे आभारही मानले. त्या दिवसाच्या खटल्यांतल्या सुमारे १,५०० जणांना २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी माफी दिली. पश्चात्तापाची अट त्यात नव्हती.

धर्म सोडलेल्यांनी सोवळं मिरवू नये. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर विमा कंपनीचे प्रमुख ब्रायन थॉम्पसन यांना पाठीमागून गोळ्या घातल्या गेल्या. त्या खटल्यातल्या आरोपीची चित्रं डोक्यामागे प्रभावळ काढून विकली गेली. देव मानत नाही म्हणणाऱ्यांनीही संत मात्र तयार केला. विमा कंपन्यांवरचा राग खरा आहे, तो मला समजतो. पण एका बापाच्या खुनावर टाळ्या पिटणाऱ्याला न्यायाबद्दल बोलण्याचा अधिकार उरतो का?

२१ सप्टेंबर २०२५ ला अ‍ॅरिझोनातल्या ग्लेनडेलच्या स्टेडियममध्ये कर्क यांची शोकसभा झाली. निम्मी प्रार्थनासभा, निम्मी प्रचारसभा. कर्क यांच्या मतांचा मी चाहता नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा ही चूक होती, असं ते म्हणत. माझ्या मते ते म्हणणं चुकीचं होतं आणि घातकही. पण ते वाद घालायला विरोधकांच्या कॉलेजात जात, आणि वाद घालताना मारले गेले. त्या मंचावर त्यांच्या पत्नी एरिका म्हणाल्या की त्या तरुणाला मी क्षमा करते, कारण ख्रिस्ताने तेच केलं आणि चार्लीनेही तेच केलं असतं. त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प बोलले. चार्ली विरोधकांचं भलं चिंतायचा, तिथेच आमचं पटत नव्हतं; मी विरोधकांचा द्वेष करतो आणि त्यांचं भलं व्हावं असं मला वाटत नाही, असं ते म्हणाले. एरिका यांची गमतीने माफीही मागितली. लोक हसले. आधीच्या भाषणावर डोळे पुसणारे आणि या भाषणावर हसणारे लोक तेच होते, ही गोष्ट मला त्या दिवसातली सर्वांत चिंतेची वाटते.

मधल्या दिवसांत सरकारही गप्प नव्हतं. उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांनी, कर्क यांच्या मृत्यूचा आनंद मानणाऱ्यांची तक्रार त्यांच्या मालकांकडे करा, असं सांगितलं. प्रसारण आयोगाच्या अध्यक्षांनी वाहिन्यांना इशारा दिला आणि जिमी किमेल यांचा विनोदी कार्यक्रम काही दिवस बंद पडला. आणि एक तपशील असा: कर्क यांच्यासाठी राष्ट्रध्वज देशभर अर्ध्यावर उतरवला गेला. हॉर्टमन यांच्यासाठी तो का उतरवला नाही, असं पत्रकाराने विचारलं तेव्हा ट्रम्प यांना ते नाव आधी ओळखीचं वाटलं नाही. मग, राज्यपालांनी मागणी केली असती तर केलं असतं, असं ते म्हणाले. आपला मुडदा आणि त्यांचा मुडदा अशी विभागणी सरकारी पातळीवर पोचली.

नुसता धर्म किंवा नुसता अध्यक्ष यांच्यावर ठपका ठेवून मात्र भागणार नाही. स्वतःच्या बाजूला खडसावणाऱ्याला तिथली निवडणूक पद्धतच शिक्षा करते. बहुतेक मतदारसंघ एकाच पक्षाचे पक्के झालेले आहेत. खरी निवडणूक पक्षांतर्गत प्राथमिक फेरीत होते, आणि तिथे थोडेसे, सर्वांत तापलेले मतदार येतात. कॅपिटॉलवरच्या हल्ल्यानंतर महाभियोगाच्या बाजूने दहा रिपब्लिकन प्रतिनिधींनी मत दिलं. चौघे पुन्हा उभेच राहिले नाहीत, चौघे प्राथमिक फेरीत पडले, दोघे टिकले. लिझ चेनी पडलेल्यांपैकी एक. बाकीच्यांनी धडा घेतला. कॅपिटॉल पोलिसांनी तपासलेल्या धमक्यांची प्रकरणं २०१७ मध्ये ३,९३९ होती, २०२४ मध्ये ९,४७४ झाली. त्या धमक्या फक्त विरोधकांकडून येतात असं समजण्याचं कारण नाही.

तरी आपल्याच बाजूची झाडाझडती घेणं अगदी अलीकडेही जमलं आहे. जून २०१५ मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरात मदर इमॅन्युएल चर्चच्या बायबल वर्गात एका गोऱ्या वंशवाद्याने नऊ काळ्या माणसांना मारलं. पाद्री क्लेमेंटा पिंकनी हे राज्याचे सिनेटरही होते. दोन दिवसांनी मृतांच्या नातेवाइकांपैकी काहींनी कोर्टात मारेकऱ्याला क्षमा केली, आणि सगळा देश त्या क्षमेने भारावला. भारावणं सोपं होतं. काम दुसऱ्यांना करायचं होतं. ते थोडंफार झालं. वंशभेदाचे कडवे समर्थक राहिलेल्या स्ट्रॉम थर्मंड यांचे चिरंजीव पॉल थर्मंड हे रिपब्लिकन राज्य सिनेटर उठले आणि बंडखोर दक्षिणेचा झेंडा विधानभवनासमोरून काढा, आपल्या पूर्वजांनी लढवलेल्या त्या लढाईचा आपल्याला अभिमान नाही, असं त्यांनी सांगितलं. १० जुलैला झेंडा उतरला. क्षमा बळी पडलेल्यांनी करायची आणि हिशेब मारेकऱ्याच्या बाजूच्यांनी द्यायचा, ही वाटणी एकदा तरी नीट झाली.

म्हणून अमेरिकेतल्या पाद्रींना, संपादकांना, प्राध्यापकांना विचारण्यासारखा प्रश्न हा, की पुढच्या हत्येचा मारेकरी तुमच्या बाजूचा निघाला तर त्या रविवारी, त्या अग्रलेखात, त्या वर्गात तुम्ही काय बोलणार? आणि त्याची किंमत मोजणाऱ्याच्या मागे तुमचे मतदार उभे राहणार का? एकदा ते राहिले होते. १५ मे १९७२ ला मेरिलँडमधल्या लॉरेल इथे प्रचारसभेत जॉर्ज वॉलेस यांना गोळ्या लागल्या आणि ते कमरेखाली कायमचे अधू झाले. वंशभेद कायम राहील अशी गर्जना करून अलाबामाच्या राज्यपालपदाची शपथ घेतलेले हेच ते वॉलेस. त्यांच्याविरुद्ध डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या त्याच उमेदवारीसाठी उभ्या असलेल्या शर्ली चिझम, काँग्रेसमधल्या पहिल्या काळ्या महिला, त्यांना भेटायला इस्पितळात गेल्या. तुमचे लोक काय म्हणतील, असं वॉलेस यांनी विचारलं. तुमच्यावर आलं ते कुणावरही येऊ नये, असं त्या म्हणाल्या. ब्रुकलिनमधल्या त्यांच्या मतदारसंघात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. दोन वर्षांनी घरकाम करणाऱ्या बायकांना किमान वेतनाच्या कायद्यात आणण्याची वेळ आली, तेव्हा दक्षिणेतली मतं मिळवून द्यायला वॉलेस यांनी मदत केली, असं चिझम सांगत. आणि १९७२ च्या नोव्हेंबरात ब्रुकलिनच्या त्याच चिडलेल्या मतदारांनी त्यांना पुन्हा काँग्रेसवर पाठवलं. १९८३ पर्यंत त्या तिथे होत्या.